मेणबत्ती बोळ कुणाचा?

ब्रॅकनफर्ड, ४ मार्च १९९६

ब्रॅकनफर्डच्या पायी चालणाऱ्या बायकांनो आणि पुरुषांनो,

तुमची वाट चोरीला गेली आहे. पाकीट गेलं असतं तर तुम्ही पोलीस चौकीत गेला असता. सायकल गेली असती तर वर्तमानपत्राला पत्र लिहिलं असतं. वाट गेली, तेव्हा तुम्ही छत्री उघडलीत, "चालायचंच" म्हणालात आणि लांबून वळसा घातलात. सप्टेंबरपासून मेणबत्ती बोळाच्या तोंडाशी लोखंडी फाटक आहे, फाटकाला कुलूप आहे आणि वर पाटी आहे: खाजगी. पाटी लावणारे श्री. डेस्मंड फॅरंट यांनी बोळाच्या कडेची सातूची जुनी वखार विकत घेतली. तिथे ते श्रीमंतांसाठी घरं बांधणार आहेत. वखार त्यांनी घेतली हे कबूल. बोळ त्यांना कुणी विकला?

आपल्या पूर्वजांची कुरणं अशीच गेली. आधी कुंपण आलं, मग पाटी आली, मग कायदा आला आणि शेवटी मेंढ्या आल्या. या वेळी मात्र कायदा आपल्या बाजूने आहे. एखाद्या वाटेने लोक वीस वर्षं उघडपणे चालले, कुणी अडवलं नाही आणि कुणाची परवानगी घेतली नाही, तर ती वाट लोकांची होते. काउंटीने बोळ सार्वजनिक ठरवला आहे. फॅरंट यांनी हरकत घेतली आहे. ८ मे रोजी टाउन हॉलमध्ये सरकारी निरीक्षकांसमोर सुनावणी आहे. सोबतचा अर्ज भरा. मी चाललो, मी चालले, एवढंच लिहायचं आहे.

हेस्टर स्टर्ज

सिरिल, हा मजकूर मी काल चारशे घरांच्या दारात टाकला. माझे दोन्ही गुडघे आता वर्गशत्रूला सामील झाले आहेत. तुझं कमरेचं हाड कसं आहे? मॉरीन नीट जेवायला घालते ना?

तुला वेगळं लिहिण्याचं कारण उघड आहे. माझे बाकीचे साक्षीदार म्हणजे काठ्या-लाठ्या. तू माझा तोफखाना आहेस. १९७४ पासून दर शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला तू पंधरा-वीस माणसं गोळा करतोस आणि ब्रॅकनफर्डची भुतं दाखवत त्याच बोळातून नेतोस. बावीस वर्षं! कायद्याला वीस पुरतात.

आणि हे मी गंमत म्हणून करत नाहीये. माझ्या शेजारची एडिथ क्लॅफम तुला आठवते ना? चर्चने म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या आमच्या बारा घरांपासून बाजार, बोळातून, एकशे चाळीस पावलं आहे. मी मोजली आहेत. टेकडीच्या रस्त्याने अकराशे, तीही चढाची, बाजूला पदपथ नाही आणि अंगावर ट्रक. एडिथ वॉकर घेऊन चालते. सप्टेंबरपासून तिने बाजार पाहिलेला नाही. मी तिला सगळं आणून देते. काल ती म्हणाली, "हेस्टर, तू आणतेस ते चांगलंच असतं गं. पण ते तू निवडलेलं असतं."

साक्षीचा अर्ज सोबत आहे. उलट टपाली पाठव.

हेस्टर


स्कारबरो, ११ मार्च १९९६

प्रिय हेस्टर,

तुझ्या पत्राबद्दल आभार. हाडाची चौकशी केल्याबद्दलही आभार. डॉक्टर म्हणतात, ते जुळतंय. मी त्यांचेही आभार मानले. मॉरीन फार काळजी घेते. फक्त ती गाजरं इतका वेळ उकडते की ताटात त्यांचा रंग तेवढा शिल्लक राहतो. पण मुलगी प्रेमाने करते, तेव्हा मी दोनदा वाढून घेतो.

तुझी पत्रिका जोरदार आहे. मेंढ्यांचा भाग विशेष आवडला.

साक्षीचं म्हणशील तर, हेस्टर, मला वाटतं मी त्यासाठी योग्य माणूस नाही. लोकांसमोर उभं राहून बोलणं मला जमत नाही. शिवाय आठवणीचं काय सांगावं? बावीस वर्षं असतील, एकवीस असतील. उगाच माझ्यामुळे घोळ व्हायचा. तुझ्याकडे इतरांचे अर्ज असतीलच. एडिथला माझा नमस्कार सांग आणि मला फार वाईट वाटतं असंही सांग.

फॅरंट मनाने वाईट नसेलही. फाटकाला छान हिरवा रंग दिलाय असं ऐकलं.

तुझा,
सिरिल


ब्रॅकनफर्ड, १५ मार्च १९९६

सिरिल,

लोकांसमोर बोलणं तुला जमत नाही? बावीस वर्षं तू दर शुक्रवारी चर्चच्या पायऱ्यांवर उभा राहून, हात पसरून, अमेरिकन पाहुण्यांना बिनडोक्याच्या पाद्र्याची गोष्ट सांगतोस. गेल्या वर्षी त्यातली एक बाई घेरी येऊन पडली. तिला पाणी मी पाजलं. तेव्हा हे कारण मॉरीनला सांग, मला नको.

खरं कारण मी ओळखलं आहे. तू डॉर्कसमुळे घाबरलास.

बोळात तू सांगतोस ती डॉर्कस: १६४५ सालची मोलकरीण, राजाच्या सैनिकाची चिठ्ठी लपवली म्हणून वखारीच्या भिंतीत जिवंत चिणलेली, संध्याकाळी बेकरीच्या दिशेने चालत जाणारी. मी चाळीस वर्षं या गावातल्या पोरांना इतिहास शिकवला. चर्चच्या जन्ममृत्यूच्या वह्या मी गेल्या आठवड्यात तीन दिवस बसून पाहिल्या. डॉर्कस नावाची बाई या गावात १६४५ सालीच काय, कधीच मेली नाही. तू ती रचलीस. आणि आता तुला भीती वाटते की वकील उभा राहून विचारील, "ज्याचं भूत खोटं, त्याची साक्ष खरी कशी?"

सिरिल, माझं ऐक. मला भुतांचा राग का आहे हे तुला माहीत आहे. या देशात भुतांमध्येसुद्धा वर्ग आहेत. राणीचं डोकं उडवलं तरी तिला फिरायला राजवाडा मिळतो. सरदाराच्या बायकोला जिना मिळतो. धुणी धुणारी बाई मेली की मेली, तिला कुणी परत यायला सांगत नाही. तू निदान एका मोलकरणीला भूत केलंस. त्याबद्दल मी तुझा मनातून आदर करते, आणि हे मी पुन्हा कधी म्हणणार नाही. भूत खोटं असू दे. भुतामागून चालणारे पाय खरे होते. कायदा पाय मोजतो.

अर्ज एकसष्ट आले. आकडा चांगला आहे, मजकूर वाचून मात्र मी डोकं धरून बसले. नमुने पाठवते. "मी त्या बोळातून कदाचित गेलो असेन. तसं असल्यास दिलगीर आहे." "चाळीस वर्षं रोज. रविवार सोडून. पण माझा आग्रह नाही." "नक्की सांगता येणार नाही, मात्र १९६१ साली तिथे माझी टोपी उडाली होती." मी सगळे परत नेऊन दिले आणि दारात उभी राहून प्रत्येकाला सांगितलं, "कबुलीजबाब नको आहे, साक्ष हवी आहे!" बेकरीतले म्हातारे स्पिंक म्हणाले, "बाई, आम्हाला गुन्हा केल्यासारखं वाटलं की खरं बोलायला सोपं जातं."

तुझा अर्ज पाठव.

हेस्टर


स्कारबरो, २७ मार्च १९९६

प्रिय हेस्टर,

तुझ्या स्पष्टपणाबद्दल आभार. हो, डॉर्कस मी रचली.

पहिल्याच शुक्रवारी घडलं. चर्चपाशी पाद्री झाला, पुढे खाणावळीत रडणारं मूल आहे, पण मध्ये सगळा बोळ रिकामा. पाऊस भुरभुरत होता. लीड्सहून आलेली एक बाई म्हणाली, "का हो, इथे काहीच नाही वाटतं?" तिच्या आवाजात इतकी निराशा होती, हेस्टर! समोर लोकरीचं दुकान होतं, त्याच्या पाटीवर मालकिणीचं नाव होतं, डॉर्कस. माझ्या तोंडून निघून गेलं. पुढच्या शुक्रवारी तिला भिंतीत चिणली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी चिठ्ठी आली. सैनिक १९७७ सालचा आहे.

आता मनावरचं ओझं उतरलं. सगळं सांगून टाकलं. यापेक्षा जास्त माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, अजिबात नाही, हे कृपया लक्षात घे.

साक्षीचं मात्र राहू दे. मॉरीन म्हणते, ताण बरा नाही.

तुझा,
सिरिल


ब्रॅकनफर्ड, २९ एप्रिल १९९६

सिरिल ऑकेंडन,

तू मूर्ख आहेस की फितूर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून दोन्ही समजून लिहिते आहे.

आज फॅरंटच्या वकिलाची कागदपत्रं आली. वखारीबरोबर तिच्या आधीच्या मालकीण कै. मिस वेक यांचं जुनं टेबलही फॅरंटला मिळालं. त्या टेबलाच्या खणात निळ्या फितीने बांधलेली एकवीस नाताळ कार्डं निघाली. सगळी तुझी. सगळ्यांच्या प्रती माझ्यासमोर आहेत. वाचून दाखवू?

१९७४: "आदरणीय मिस वेक, आपल्या बोळातून आमच्या मंडळाला जाऊ दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार. पुढील वर्षीही परवानगी असावी ही विनंती."

१९८२: "आपल्या परवानगीबद्दल पुन्हा एकदा आभार. पाऊलवाटेवर चिखल झाला असल्यास क्षमस्व."

१९९०: "आपल्या सततच्या परवानगीबद्दल..."

सततच्या! एकवीस वर्षं तू न लागणारी परवानगी मागत होतास आणि न दिलेल्या परवानगीचे आभार मानत होतास! माझ्या पत्रिकेत मी काय लिहिलं होतं? कुणाची परवानगी घेतली नाही तर. ती ओळ तू वाचलीस, आणि मला मेंढ्यांचा भाग आवडला म्हणून कळवलंस.

वकिलाचं म्हणणं दोन ओळींत आहे. ज्याला परवानगी मिळते, त्याला हक्क मिळत नाही. आणि माझ्या एकसष्ट अर्जांपैकी चौतीस जणांनी अभिमानाने लिहिलं आहे की ते "श्री. ऑकेंडन यांच्या भुतांच्या फेरीबरोबर" चालले. ते चौतीसही तुझ्याबरोबर बुडाले. उरले सत्तावीस. त्यातला एक टोपीवाला.

दुपारी फॅरंट बेकरीत भेटला. म्हणाला, "मिस स्टर्ज, तुमच्या भावाचं अक्षर फार सुरेख आहे हो. कुठल्या शाळेत होते?" सगळी बेकरी ऐकत होती. मी जन्मात पहिल्यांदा उत्तर न देता बाहेर आले.

लोकांनी राजाला हक्कांच्या सनदेवर शिक्का मारायला लावला, ते कुणाला "कृपया" म्हणून नव्हे. आणि माझ्याच मामाचा मुलगा वाटेने चालल्याबद्दल क्षमा मागतो.

एडिथला मी अजून सांगितलेलं नाही. ती तिच्या बाजारच्या पिशवीला नवा बंद शिवते आहे.

सुनावणीला नऊ दिवस आहेत. हे का केलंस, एवढं तरी लिही. आभार न मानता लिही.

हेस्टर


स्कारबरो, १ मे १९९६

हेस्टर,

बरोबर आहे. मी मार्चपासून घाबरलो होतो ते भुतामुळे नव्हे, कार्डांमुळे. ती मिस वेक यांनी जाळली असतील अशी माझी आशा होती. लोक कार्डं जाळतात. निळी फीत बांधून ठेवत नाहीत.

का केलं ते सांगतो. पहिल्या शुक्रवारी मी डॉर्कस म्हणालो तेवढ्यात वखारीची खिडकी उघडली आणि मिस वेक यांनी बाहेर पाहिलं. बाकी काही नाही. त्या म्हणाल्या, "शुभ संध्याकाळ." मला एकदम वाटलं, आपण कुणाच्या तरी बैठकीत ओल्या बुटांनी उभे आहोत. मी विचारलं, "आम्ही इथून गेलो तर चालेल ना?" त्या म्हणाल्या, "खुशाल जा." आता तूच सांग, कुणी खुशाल जा म्हटल्यावर आभार मानायचे नाहीत? आणि एका नाताळला मानले तर दुसऱ्या नाताळला कसे टाळायचे? त्यांना वाटलं असतं, गेल्या वर्षी बोळ आवडला आणि या वर्षी नाही. तिसऱ्या वर्षानंतर तर थांबणं उद्धटपणाच झाला असता. माझ्या आईने आपल्या दोघांना असंच वाढवलं, हेस्टर. तू कशी निसटलीस ते मला अजून कळलेलं नाही.

तू काल मॉरीनशी फोनवर बोललीस. मी ऐकत होतो, कारण तुझा आवाज जिन्यापर्यंत येतो. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "बाबा, इतकी वर्षं कार्डं पाठवलीत, त्यांनी कधी उत्तर नाही दिलं?" मी म्हटलं, "दिलं ना. दर जानेवारीत." ती म्हणाली, "आणि काय लिहायच्या?" मी म्हटलं, "छे, सौजन्याचं काहीतरी." तिने मला खुर्चीतून हलू दिलं नाही, स्वतः माझ्या ट्रंकेतून पत्रांचा डबा काढला आणि वाचायला लागली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही ही वाचलीत का?"

मी वाचली होती. प्रत्येक वाचली होती. दोन उतरवून देतो.

जानेवारी १९७५: "प्रिय श्री. ऑकेंडन, सुंदर कार्डाबद्दल आभार. पण परवानगी देणारी मी कोण? बोळ गावाचा आहे. माझे वडील तिथे फक्त दिवा लावत, आणि तोही गावानेच सांगितलं म्हणून."

जानेवारी १९८३: "पुन्हा सांगते, ती वाट माझी नाही. तुम्ही असेच मागत राहिलात तर एक दिवस चर्चमध्ये जाण्याची परवानगीही माझ्याकडेच मागाल. चिखलाची काळजी नको. चार वाजता माझ्याकडे चहा असतो. समोर बसलात तर मला हे नीट समजावता येईल."

हेस्टर, मला वाटलं त्या विनयाने म्हणताहेत. आपण आभार मानले की समोरचा म्हणतो ना, "छे छे, त्यात काय एवढं", तसंच. वाट माझी नाही म्हणजे आमच्या भाषेत वाट माझीच आहे, पण तुम्ही या. असंच असतं ना? आणि चहाचं तर सगळेच म्हणतात. चहाला या म्हटलं म्हणून कुणी जातं का?

मॉरीन म्हणते, जातात.

चहाचा उल्लेख एकवीसपैकी सतरा पत्रांत आहे. मी आज मोजला.

मी आठ तारखेला येऊ शकत नाही, डॉक्टर गाडीत बसू देत नाहीत. मॉरीन डबा घेऊन येते आहे. मी शपथेवर लिहून दिलंय की ही पत्रं मला आली आणि मी ती चुकीची वाचली. दुसरं वाक्य लिहायला मला संध्याकाळ लागली.

सिरिल


ब्रॅकनफर्ड, ९ मे १९९६

प्रिय सिरिल,

"प्रिय" लिहिलं आहे याची नोंद घे.

सभागृह भरलं होतं. निरीक्षक बाई बारीक, चष्मेवाल्या, तोंडात पेपरमिंटची गोळी. त्यांचा चेहरा पाहून कुणालाच काही कळेना. फॅरंटच्या वकिलाने तुझी एकवीस कार्डं एकामागून एक वाचली. तो थांबतच नव्हता. एकोणीसशे त्र्याऐंशीला मागून कुणीतरी म्हणालं, "अरे देवा, अजून अकरा आहेत." शेवटी वकील म्हणाला, "आभार मानणारा माणूस मालकी कबूल करतो." आणि बसला. माझ्या शेजारी एडिथ होती, दोन माणसांनी तिला टेकडीवरून गाडीतून आणलं होतं. तिने माझा हात धरला. मी तुला मनात काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

मग मॉरीन उठली. तुझी मुलगी, सिरिल, तुझ्यावर गेलेली नाही. तिने डबा टेबलावर ठेवला, तुझं शपथपत्र वाचलं आणि मग मिस वेक यांची पत्रं, सावकाश, त्याच क्रमाने. कार्ड आणि उत्तर. कार्ड आणि उत्तर. सातव्या पत्राला लोक हसायला लागले. बाराव्याला हसणं थांबलं. शेवटचं, गेल्या वर्षीच्या जानेवारीतलं, तू मला पाठवलं नव्हतंस:

"प्रिय सिरिल, आता इतक्या वर्षांनी नावाने हाक मारते. वाट माझी नाही, हे एकविसाव्यांदा. शुक्रवारी मी खिडकी उघडी ठेवते आणि डॉर्कसची गोष्ट ऐकते, मला ती पाठ झाली आहे. तुमच्या पाहुण्यांसमोर मी कधी बोलले नाही, पण माझी वखार १८१२ साली बांधली आहे. तिच्या भिंतीत १६४५ साली कुणाला चिणणं जरा अवघड आहे. तरी ती चिणलेलीच राहू द्या. आमच्याकडे दुसरं कुणी येत नाही."

निरीक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला. वकील उठला आणि म्हणाला, ही एका एकट्या बाईची भावनिक पत्रं आहेत, तिला जमिनीचा कायदा काय कळणार? मी उठणार होते. माझ्याकडे चाळीस मिनिटांचं भाषण होतं, जमिनीच्या कायद्याने एकट्या बायकांचं काय काय केलं यावर. पण निरीक्षक बाई म्हणाल्या, "मीही एकटीच राहते, पुढचा साक्षीदार बोलवा." माझं भाषण तसंच राहिलं. तुला पुढच्या पत्रात पाठवीन.

पुढचे साक्षीदार बेकरीतले स्पिंक. वय ब्याऐंशी. वकिलाने मुद्दाम विचारलं, "तुम्हीही ऑकेंडन यांच्या भुताच्या फेरीबरोबरच गेला असाल?"

"मी नाही," स्पिंक म्हणाले. "मी डॉर्कसला १९३८ सालीच पाहिलं होतं."

"श्री. स्पिंक, ती बाई १९७४ साली रचली गेली. रचणाऱ्याने लिहून दिलं आहे."

"मग ती लवकर आली असेल."

सभागृहात एवढा हशा झाला की बाहेरच्या कबुतरांनी छप्पर सोडलं. निरीक्षक बाईंनी विचारलं, "नक्की कुठे पाहिलं?"

"बोळात, बाई. बेकरीकडे चालली होती."

"कुणाची परवानगी घेऊन?" हे वकिलाने, कुत्सितपणे.

"भिंतीतून आली, साहेब. भिंतीतून येणारी काय परवानगी मागणार?"

सिरिल, मी कट्टर बाई आहे. भुतांवर माझा विश्वास नाही, आणि एखाद्या भुताच्या नावाने खटला जिंकणं मला तत्त्वाला धरून वाटत नाही. पण मी गप्प बसले. कारण निरीक्षक बाईंनी लगेच पुढचा प्रश्न विचारला: "आणि तुम्ही स्वतः त्या वेळी तिथे काय करत होता?"

"कामावर चाललो होतो. चौदाव्या वर्षापासून. पन्नास वर्षं, रोज."

"कुणाला विचारून?"

स्पिंकना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "विचारायचं कुणाला? वाट होती."

बाईंनी ते लिहून घेतलं. मी पेन्सिल पाहिली. तिने खाली रेघ मारली.

निकाल महिन्याभरात येईल.

हेस्टर


स्कारबरो, १२ जून १९९६

प्रिय हेस्टर,

निकालाचं तुझं पत्र काल मिळालं. मी ते तीनदा वाचलं आणि मॉरीनने एकदा मोठ्याने वाचलं. मेणबत्ती बोळ गावाचा! आणि मिस वेक यांच्या पत्रांचा निकालात अख्खा परिच्छेद! निरीक्षकांनी "परवानगी देणाऱ्या व्यक्तीने ती देण्यास एकवीस वेळा नकार दिला" असं लिहिलं आहे, ते वाक्य मी कापून आरशात अडकवलं आहे.

फाटक सोमवारी निघालं आणि एडिथ पहिल्याच दिवशी वॉकर घेऊन एकटी बाजारात गेली, मासेवाल्याशी बांगड्याच्या ताजेपणावरून भांडून आली, हे वाचून मला रडू आलं. मॉरीनला वाटलं गाजरांमुळे. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

मी पुढच्या महिन्यात परत येईन. मला वाटलं होतं, आता गावात तोंड दाखवता येणार नाही. पण स्पिंकनी कळवलंय की शुक्रवारी माणसं विचारताहेत. आणि मला मिस वेक यांच्या थडग्यावर जायचंय. चार वाजता जाईन. उशिराच आहे, पण जाईन.

आता एक छोटीशी गोष्ट. श्री. फॅरंट यांचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्यांचं फाटक गेलं, पैसे गेले, सगळं गाव त्यांच्यावर हसलं. तरी त्यांनी स्वतः उभं राहून फाटक काढून घेतलं, म्हणून सांगतेस. तेव्हा एक सुंदर कार्ड आणलं आहे, जांभळ्या फुलांचं. मजकूर असा: "आदरणीय श्री. फॅरंट, आपला बोळ आम्हा सर्वांसाठी खुला केल्याबद्दल मनःपूर्वक आभार. यापुढेही आपली कृपादृष्टी असावी." शनिवारी दुपारच्या टपालात टाकतो. तुझं मत कळव.

तुझा,
सिरिल


ब्रॅकनफर्ड, १४ जून १९९६

सिरिल!

हे पत्र तुला शनिवारी सकाळी मिळेल, म्हणजे तुझ्या हातात दोन तास आहेत. मी फोन करत नाही, कारण फोनवर तू माझे आभार मानून फोन ठेवून देशील.

ऐक. निकालाविरुद्ध वरच्या कोर्टात जायला फॅरंटकडे अजून सहा आठवडे आहेत. सहा आठवडे! त्याचा वकील रात्री दिवा जाळून काहीतरी शोधत बसला आहे. त्याला एक कागद हवा आहे, फक्त एक, ज्यावर याच गावातल्या कुणीतरी "आपला बोळ" असं लिहिलेलं आहे. आणि तो कागद तू जांभळ्या फुलांसकट, सुरेख अक्षरात, तिकीट लावून पाठवतो आहेस!

बोळ त्याने खुला केला नाही. फाटक त्याने सौजन्याने काढलं नाही. काउंटीचे दोन कामगार पहार घेऊन उभे होते म्हणून काढलं. लोक जगभर हक्कांसाठी तुरुंगात गेले, फासावर गेले. तुला कुणी एवढं सांगत नाही. तुला फक्त एका माणसाचे आभार मानायचे नाहीत. तू एवढं करू शकतोस. माणूस म्हणून तुझ्यात तेवढं आहे यावर माझा विश्वास आहे, आणि भुतांवर माझा विश्वास नाही हे लक्षात घेतलंस तर त्याचं वजन तुला कळेल.

वाईट वाटत असेल तर वाटू दे. उद्धट वाटत असेल तर वाटू दे. फॅरंटला कार्ड मिळालं नाही म्हणून तो मरणार नाही. एडिथ पुन्हा खिडकीत बसली तर मात्र काय होईल ते मला माहीत आहे.

मॉरीनला हाक मार, तिला साक्षीला उभी कर, आणि हे पत्र हातात असतानाच ते कार्ड फाड.

हेस्टर